घरचं पाखरू

धनाजी शेंडगेनं तित्तराची साद दिली आणि पडद्याच्या फटीतून नळीकडं पाहिलं. उजेड चढला नाही.

हातभर उंचीची काचेची नळी होती ती, ऐकणाऱ्याच्या खुर्चीमागं भिंतीला उभी लावलेली. ऐकणाऱ्याच्या जिवाला आवाज खरा वाटला की तिच्यात पिवळा उजेड चढायचा, विहिरीला पाणी चढावं तसा. धनाजीच्या तित्तराला उजेड तळाशीच जरासा हलला आणि निपचित बसला. मग शेजारी उभ्या केतन देसलेनं ओठांना मूठ लावली, डोळे मिटले आणि तोच तित्तर दिला. तितीतर, तितीतर. उजेड सरसरत नळीच्या गळ्याशी गेला.

खुर्चीत बसलेली बाई धनाजीची बायको होती.

"वहिनीचा कान आपल्यावर खूश आहे ना भो," केतन कुजबुजला. तो चेष्टेतलाच माणूस. वयानं लहान, खान्देशातून आलेला, वाऱ्यावरच्या पिसासारखा हलका. धनाजीही हसला. हसताना त्याच्या छातीत काहीतरी चर्र करून गेलं, ओल्या हाताचा थेंब तापल्या तव्यावर पडावा तसं.

कांचननं डोळ्यांवरचा चष्मा काढला, कानामागची चिकटपट्टी सोडवली आणि चाचणी घेणाऱ्या मेस्त्रीबाईंना विचारलं, "मॅडम, तो दुसरा कोण होता? का खरंच पाखरू आणलं होतंत?"

दुसरा. धनाजीनं तो शब्द घरापर्यंत चघळत नेला.

*

माळ काचांनी झाकला गेला, त्यानंतरची ही गोष्ट. माणदेशातल्या उघड्याबोडक्या माळांवर नजर पोचेल तिथवर सौर तावदानं उभी राहिली. त्यांच्या सावलीत तित्तर, होले, चंडोल कसेबसे टिकले. तिकडं शहरांनी उन्हाच्या धास्तीनं खिडक्या कायमच्या लावून घेतल्या. हवाबंद इमारतींत माणसं सुखात होती, फक्त त्यांना झोप येत नव्हती. इस्पितळांत बरी झालेली माणसंही खाटेवर तशीच पडून राहायची. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की या माणसांच्या कानांवर जिवंत असं काही पडतच नाही. म्हणून भिंतींत पाखरं बसवली. आधी ध्वनिमुद्रित केलेली, मग यंत्रानं घडवलेली. लोक म्हणायचे, छान आहे, अगदी खऱ्यासारखं. आणि थोड्याच दिवसांत पुन्हा टक्क जागे.

डॉ. मृदुला मेस्त्रींनी याचा माग काढला. त्यांचं म्हणणं असं की माणूस आवाज दोनदा ऐकतो. एकदा डोक्यानं, आणि त्याच्याही आधी एकदा जिवानं. पापणी लवायच्या आत मेंदूचा एक जुना कोपरा विचारतो, हे जिवंत आहे का? हो असं उत्तर आलं की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते, श्वास अर्ध्यावर थबकतो, मेंदूत एक बारीक लाट उठते. सगळं अंग कान होतं. माणूस रानात राहत होता तेव्हाची ही सवय, अजून सुटलेली नाही. डोकं फसतं, हा कोपरा सहसा फसत नाही. मुद्रित पाखराला तो लवकरच ओळखतो, कारण ते पाखरू कुणाचं ऐकत नाही. आपण असलो काय, नसलो काय, त्याचं आपलं चालूच. जिवंत गळा मात्र एकच साद दोनदा सारखी देत नाही, आणि देताना समोरच्याचा कानोसा घेतो. तेव्हा जिथं पाखरं उरली नाहीत तिथं जिवंत नकलाकार हवेत, आणि त्यांची नक्कल अशी हवी की त्या जुन्या कोपऱ्यानं हो म्हणावं. चष्मा बाहुली बघायचा, चिकटपट्टी लाट मोजायची, आणि दोहोंची बेरीज नळीत पिवळी होऊन चढायची.

मॅडमनी आपलं केंद्र माळावरच उघडलं. ऐकणारी माणसं शेंडगेवस्तीवरलीच निवडली, कारण शहरी कानाला तित्तर काय आणि दाराची कडी काय, सारखीच. त्यांत सगळ्यांत तल्लख कान निघाला कांचनचा. आणि नकलाकारांत धनाजी. नवराबायको एकाच कामावर, यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

धनाजीला तित्तर कुठून आला, तर तो वस्तीचा रिवाज. शेंडगेवस्तीवर घरं शेताशेतांत विखुरलेली. मेंढरांमागं गेलेला माणूस दिवेलागणीला परतताना ओढ्याच्या पल्याड थांबायचा आणि आपल्या घराचं पाखरू द्यायचा. 'पाखरू देणं' असंच म्हणायचे त्याला. कुणाचं घर होल्याचं, कुणाचं टिटवीचं, धनाजीच्या बापाचं तित्तराचं. पाखरू आलं की घरातली बाई कुत्रं बांधायची, तवा टाकायची. पुढं हातोहाती फोन आले आणि एकेका घराचं पाखरू उडून गेलं. धनाजीनं आपलं सोडलं नाही. कांचननं तर त्यावर ओवी जुळवली होती. परातीत पीठ मळताना ती गुणगुणायची:

ओढ्याच्या पल्याड, पाखरू घोगरं बोलतं
तव्यावर बाई माझ्या, भाकरीचं पोट फुलतं

*

"केतनचा तित्तर बरा असतो," धनाजी उंबऱ्यावर बसून म्हणाला.

कांचन भाकरी थापत होती. "बरा कसला, लई झ्याक असतो. अंगावर काटा आला माझ्या."

"आणि माझा?"

"तुमचा तुमच्यासारखा."

"म्हंजे कसा?"

"म्हंजे कसा म्हंजे? जेवा आता, भाकरी गार होतीया."

"नळी चढत न्हाई माझ्याला."

"मग त्या नळीकडंच जावा जेवायला," ती म्हणाली आणि हसली. मग भाकरी उलटता उलटता तिनं ओवी धरली. इतकी वर्षं धनाजीनं ती ओवी अंगावरून मोरपीस फिरावं तशी ऐकली होती. त्या संध्याकाळी त्याला त्यातला एकच शब्द ऐकू आला. घोगरं. म्हणजे हिला आधीपासून ठाऊक होतं तर. आणि चारचौघांत, जात्यापाशी, पाणवठ्यावर ही तेच गात फिरली.

पुढच्या रविवारी केतन जेवायला आला. कांचननंच बोलावलं होतं. परका मुलगा, खाणावळीचं खातो, म्हणाली.

"वहिनी, ठेच्यात शेंगदाणे कमी पडले तुमच्या. आमच्या खान्देशात या, मग कळेल."

"गप खावा भावजी. फुकटचं जेवताय आणि वर नावं ठेवताय."

"बरं, मग जेवणाची भरपाई करतो," म्हणत त्यानं होला दिला. घुर्रर घू, घू. दाराबाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. कांचनचा घास हातातच राहिला. धनाजी तिच्या तोंडाकडं बघत नव्हता, तो तिच्या डोळ्यांत बघत होता. दिव्याच्या उजेडात तिची काळी बाहुली मोठी झाली की काय, ते त्याला बघायचं होतं. चष्म्याशिवाय ते कुणाला दिसतं? पण त्याला दिसलं. किंवा दिसलं असं त्यानं ठरवलं.

"असं काय बघताय वो?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. डोळ्यात कुसळ गेलंय का बघत होतो."

"कुणाच्या?" केतन म्हणाला, आणि ती दोघं हसली. दोघंच.

*

त्या दिवसापासून धनाजीनं घरी पाखरू द्यायचं सोडलं. घसा बसलाय, म्हणाला. दुपारच्या सुट्टीत मात्र तो केंद्रावरच्या आरशापुढं बसू लागला. आरसा म्हणजे आवाजाचा पडदा. त्यावर खऱ्या तित्तराच्या सादेची हिरवी रेघ उमटायची आणि तिच्याखाली माणसाच्या सादेची तांबडी. दोन रेघा जिथं फुटून वेगळ्या होत, तिथं माणूस उघडा पडायचा.

धनाजी तीन जागी उघडा पडत होता. एक, त्याच्या सुराला तळाशी खरखर होती, लहानपणापासून कडबा कापताना नाकातोंडात गेलेल्या भुशाची. दोन, शेवटच्या उचलीआधी तो एक श्वास घ्यायचा, तित्तर घेत नाही. तीन, साद संपताना त्याचा सूर खाली बसायचा, डोक्यावरचा भारा उतरवून ठेवावा तसा. तित्तराची साद वरच्या वर तुटते.

तो एकेक गोष्ट उपटत गेला. शेतातून हरळी काढावी तशी, मुळासकट. ज्येष्ठमध चघळला, गरम पाण्याच्या वाफा घेतल्या, बिडी सोडली. तावदानांच्या सावलीत भर दुपारचा बसून साद देत राहिला. घशातून रक्ताची चव यायला लागली तरी थांबला नाही. डोळ्यांपुढं सतत ती नळी, तिच्या गळ्याशी चढलेला पिवळा उजेड, आणि तो उजेड केतनचा.

एका दुपारी झुडपातून खरा तित्तर बाहेर आला. मान फुगवून, पंख पाडून, धनाजीच्या पायापासून वावभर अंतरावर उभा राहिला आणि त्याच्यावर ओरडू लागला. आपल्या माळावर आपल्या मादीला साद घालणारा हा कोण, म्हणून भांडायला आला होता बिचारा. धनाजीला त्या पाखराची इतकी माया आली की डोळे भरले. चला, त्याच्यावर जळणारं कुणीतरी जगात होतं.

घरी कांचन विचारायची, "पाखरू कुठं गेलं आपलं?"

"घसा."

"मग दारात येऊन खाकरत तरी जावा. चोरासारखं येताय. भाकरी कवा टाकायची कळत न्हाई मला."

"केतनला इचार. त्याला सगळं कळतं."

परातीतलं पीठ तिनं जरा जोरात रगडलं.

*

चाचणीच्या दिवशी धनाजी पडद्याआड उभा राहिला. खालचा सूर स्वच्छ, मधला श्वास गायब, शेवट वरच्या वर तुटलेला. नळी अशी भरली की उजेड टोपणाला जाऊन थडकला. केतनच्याही वर.

"दादा, मला धुळ्याचं तिकीट काढून द्या आता," केतन त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि ती नसल्याचाही धनाजीला राग आला.

पडद्यापलीकडून कांचनचा आवाज आला, "आज तरी खरा आणला होता ना, मॅडम?"

धनाजीला वाटलं, आपण जिंकलो.

कांचन आधीच घरी गेली होती. तो मुद्दाम उशिरा निघाला. ओढ्याच्या पल्याड, बापानं दाखवलेल्या जागी थांबला, मूठ ओठांना लावली आणि कितीतरी दिवसांनी घरचं पाखरू दिलं. माळ घुमला.

कुत्रं भुंकत राहिलं. कुणी बांधलं नाही.

तो ओढा उतरला, कुंपणाच्या बाभळीआड आला आणि पुन्हा दिलं. आता घर दिसत होतं. कांचन ओट्यावर सूप घेऊन जोंधळा पाखडत होती. तिनं मान वर केली. कुंपणाकडं पाहिलं. तोंडावर एक निवांत, बरं वाटल्याचा भाव आला, परक्याच्या झाडाला आलेला मोहोर बघावा तसा. तिनं सुपातला मूठभर जोंधळा घेतला आणि कुंपणाच्या दिशेनं भिरकावला.

"गप रं," ती कुत्र्याला म्हणाली. "पाखरू हाय. खाऊ दे त्याला."

दाणे धनाजीच्या पायाशी पडले. कांचननं हात कपाळावर आडवा धरून ओढ्यापलीकडच्या वाटेकडं पाहिलं. वाट रिकामी होती. ती पुन्हा सूप हलवू लागली.

तो समोर आला तेव्हा ती दचकली. "आलासा? आज पण आवाज न देता?"

"दिला की. दोनदा."

"काय दिलं?"

"पाखरू."

ती कुंपणाकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं. "ते तुम्ही व्हता? मला वाटलं, तित्तर हाय."

एवढं एक वाक्य ऐकायला त्यानं गळा सोलून काढला होता. आता ते ऐकलं, आणि पायाखालून माती सरकल्यासारखं झालं.

"पहिल्यासारखं द्या बघू," ती म्हणाली.

त्यानं दिलं. स्वच्छ, सुबक, वरच्या वर तुटलेलं.

"हे न्हवं."

त्यानं घसा खाली ओढला, मुद्दाम खरखर आणली. कांचनच्या कपाळाला आठी पडली. "कुणाची नक्कल करताय?"

*

दुसऱ्या दिवशी धनाजीनं घडलेलं सांगितल्यावर मेस्त्रीबाईंनी जुन्या चाचण्यांचे आलेख उघडले. केतन खिडकीशी उभा होता.

"नळीत आम्ही फक्त जिवंतपणाची लाट दाखवतो, धनाजीराव," त्या म्हणाल्या. "पण मेंदूत इतरही काही चालू असतं. हे बघा, तुमचा पहिला तित्तर. ती लाट उठलेलीच नाही. पण त्याच्याही आधी, इथं, दुसऱ्याच जागी केवढी उसळी आहे. ही ओळखीची. आपलं माणूस बोललं की उठणारी. लेकरू रडलं की आईच्या मेंदूत मी अशी पाहिली आहे. हे जिवंत आहे का, हा प्रश्न कांचनताईंचा मेंदू विचारतच नव्हता. कोण आलंय ते त्याला आधीच ठाऊक असायचं."

"आणि केतनच्या वेळी?"

"नुसता जिवंतपणा. पाखराला उठावी तेवढीच लाट. केतन त्यांना ऐकूच येत नव्हता."

"आणि कालची माझी?"

मॅडमनी बोट ठेवलं. दुसऱ्या जागी रेघ सपाट होती. "काल तुम्हीही नव्हता."

धनाजीनं आपल्या जुन्या सादेचं मुद्रण मागून घेतलं. ऐकलं. कुणा अनोळखी, दमलेल्या माणसाचा आवाज होता तो. मॅडम म्हणाल्या, आपला आवाज आपण हाडांतून ऐकतो, बाहेरून कधीच ऐकत नाही. कांचननं ऐकलेला धनाजी धनाजीला माहीतच नाही. तो आरशापुढं बसला, जुन्या सादेच्या तांबड्या रेघेवर आपली रेघ बसवू लागला. बसेना. खरखर आणली की नुसतीच खरखर यायची.

"दादा," केतन खिडकीतून म्हणाला. त्याच्या बोलण्यात आज चेष्टा नव्हती. "मला येतो."

"काय येतं?"

"तुमचा तित्तर. जुना. शेजारी उभं राहून रोज ऐकला ना भो. एकदा कानात गेलं की आमच्या गळ्यातून निघत नाही."

धनाजी ताडकन उठला. केतनच्या गळ्याकडं बघत राहिला. कोवळा, स्वच्छ दाढी केलेला गळा, आणि त्याच्या आत कुठंतरी धनाजीची वाट, धनाजीचा ओढा, धनाजीची भाकरी.

"देऊ नगंस," तो म्हणाला. "खबरदार, दिलास तर."

केतननं मान हलवली. "नाही देत."

बाहेर तावदानांवरून ऊन उतरलं. शेवटी धनाजीच म्हणाला, "चल घरी."

*

ते कुंपणापाशी पोचले तेव्हा कांचन आत होती. "हितनंच दे," धनाजी म्हणाला, आणि स्वतः ओट्याच्या कडेला, दारासमोर जाऊन उभा राहिला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला बघायचं होतं.

केतननं पाखरू दिलं.

तळाशी खरखर. मध्ये एक थकलेला श्वास. शेवटी भारा उतरवून ठेवल्यासारखा बसलेला सूर.

आत भांडं वाजलं. कांचन दारात आली. हात पिठानं भरलेले, पदर खोचलेला, आणि तोंडावर असा उजेड की धनाजीनं दाराच्या चौकटीला हात टेकला. हे तोंड त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. पाखरू देताना तो नेहमी ओढ्यापल्याड असायचा. घरापर्यंत पोचेतो ती चुलीकडं वळलेली असायची. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी हे तोंड दारात येऊन त्याची वाट बघत होतं, आणि आज ते त्याला पहिल्यांदा दिसलं, दुसऱ्याच्या गळ्यानं बोलावलेलं.

कांचनची नजर आधी वाटेवर गेली. मग कुंपणाशी उभ्या केतनवर, त्याच्या ओठांशी राहिलेल्या मुठीवर. मग हातभर अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्यावर. तोंडावरचा उजेड हळूहळू उतरला.

कुत्रं शेपूट हलवत केतनकडं गेलं आणि वास घेऊन परत आलं.

"भावजी," ती म्हणाली, "हे तुमचं न्हवं."

"नाही, वहिनी."

"मग ज्याचं हाय त्याला देऊन जावा."

ती आत गेली. केतन ओट्यावर येऊन बसला, धनाजी त्याच्या समोर. शिकवणारा लहान आणि शिकणारा मोठा. धनाजीला त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"खरखर आणू नका, दादा," केतन हलक्या आवाजात म्हणाला. "ती येत नसते, असते. आधी श्वास. तुम्ही मेंढरांमागं दिवसभर चालून आलेले असायचात ना, तसा. पाय दुखताहेत, घर दिसतंय. असं."

त्यानं अगदी बारीक आवाजात दाखवलं. आत भाकरीची थापथाप थबकली. धनाजीनं केतनची मूठ खाली ओढली.

"तू देऊ नगंस आता," तो म्हणाला. "तोंडी सांग."

मग त्यानं मूठ ओठांना लावली. पहिला फार स्वच्छ आला. दुसरा फार घोगरा. तिसऱ्यात श्वास चुकीच्या जागी पडला. केतन हातानं दाखवत राहिला, खाली, अजून खाली, आता सोडा. धनाजीनं पुन्हा दिलं आणि दाराकडं पाहिलं. दारात कुणी आलं नाही.

आतून, पाठमोऱ्या कांचनचा आवाज आला. रागाचा नव्हता. रोज संध्याकाळी कुणी शेजारणीनं नवऱ्याचं विचारलं तर जसं सांगायची तसा.

"अजून आले न्हाईत."

धनाजीनं दम घेतला आणि पुन्हा मूठ ओठांना लावली.